जशी पेन्सिल, तसा शार्पनर

रंगीत पेन्सिलींचा पहिला चांगला संच मी घेतला तेव्हाची गोष्ट. त्यातल्या गडद निळ्या पेन्सिलीला टोक काढलं, कागदावर टेकवलं आणि ते तुटलं. पुन्हा फिरवली, तर टोक शार्पनरच्या आतच राहिलं. असं सात-आठ वेळा झालं. आकाशाचा एक कोपराही रंगवून व्हायच्या आत पेन्सिल बोटभर झिजली होती. संचच खराब निघाला असं मी ठरवलं, आणि तो काही महिने कपाटात पडून राहिला.

पुढे एकदा सहज तीच निळी पेन्सिल दुसऱ्या एका शार्पनरमध्ये घातली. लाकडाची लांबलचक अखंड साल निघाली, टोक आखूड आणि दणकट आलं, आणि अर्धं चित्र होईस्तोवर ते टिकलं. पेन्सिल तीच, हातही तोच. बदलला होता तो फक्त शार्पनरचा कोन.

शार्पनर म्हणा की गिरमिट म्हणा, ही वस्तू आपण क्वचितच बघून घेतो. हाताला येईल ती उचलतो आणि टोक मोडलं की पेन्सिलीला दोष देतो. चांगल्या पेन्सिली अशा वाया जाताना बघून मला खरोखर वाईट वाटतं, कारण हे टाळणं अवघड नाही. पेन्सिलीतलं शिसं किती जाड आणि किती मऊ आहे ते आधी बघायचं, मग त्याला मानवेल असा कोन देणारा शार्पनर घ्यायचा. पुढचं सगळं या क्रमाने लिहिलं आहे.

सुरुवातीला हाताशी काय ठेवायचं

- मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी
- तुमच्या नेहमीच्या वापरातल्या सगळ्या प्रकारच्या पेन्सिली, प्रत्येकीतली एक
- एक भोक असलेला धातूचा साधा शार्पनर
- जाड पेन्सिली वापरत असाल तर दोन भोकांचा, म्हणजे एक लहान आणि एक मोठं भोक असलेला शार्पनर
- पॉलिश पेपरचा बारीक दाण्याचा तुकडा
- कटर किंवा धारदार छोटी सुरी (चारकोल, पेस्टल किंवा सुतारी पेन्सिल असेल तरच)
- जुना टूथब्रश, लाकडी टूथपिक, आणि पात्याच्या स्क्रूला बसेल असा बारीक पेचकस

1. आधी पेन्सिलीचं बूड बघा

टोकाकडून पेन्सिलीबद्दल फारसं कळत नाही. तिचं न छिललेलं बूड उजेडात धरा. खोडरबर किंवा रंगाची टोपी असेल तर टोक काढलेल्या बाजूने अंदाज घ्यावा लागेल, पण उघडं बूड मिळालं तर उत्तम. तिथे चार गोष्टी दिसतात.

पहिली, बाहेरची जाडी. नेहमीची षट्कोनी पेन्सिल साधारण 7 मिमी जाड असते. साध्या शार्पनरचं भोक 8 मिमीच्या आसपास असतं, त्यामुळे ती त्यात व्यवस्थित बसते. लहान मुलांच्या जाड पेन्सिली 10 मिमी किंवा त्याहून जास्त असतात. त्या लहान भोकात शिरत नाहीत, आणि जोर लावून शिरवल्या तर रंगाचे टवके उडतात.

दुसरी, शिशाची जाडी. लिहायच्या एचबी पेन्सिलीत ते सुमारे 2 मिमी असतं. चांगल्या रंगीत पेन्सिलीत ते 3 ते 4 मिमीपर्यंत जातं. 6बी, 8बी अशा मऊ चित्रकलेच्या पेन्सिलींतही ते बहुतेकदा जाड केलेलं असतं.

तिसरी, शिसं मधोमध आहे का. बुडावर शिशाचा ठिपका एका अंगाला सरकलेला दिसला तर कुठलाही शार्पनर त्या पेन्सिलीला सरळ टोक देणार नाही. एका बाजूला लाकूड शिशाच्या टोकापर्यंत चढेल, दुसऱ्या बाजूला शिसं उघडं पडेल. अशी पेन्सिल सुरीसाठी बाजूला ठेवा.

चौथी, आकार. गोल, षट्कोनी, त्रिकोणी की चपटी, यावर भोकात ती किती घट्ट बसेल हे ठरतं.

ज्याला आपण सवयीने शिसं म्हणतो त्यात शिसं हा धातू नसतोच. लिहायच्या पेन्सिलीत ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचं भाजलेलं मिश्रण असतं. ही पद्धत फ्रान्समध्ये निकोला-जाक कॉन्ते यांनी 1795 साली काढली. माती जास्त असेल तर पेन्सिल कडक, म्हणजे एचच्या बाजूची. ग्रॅफाइट जास्त असेल तर मऊ आणि काळी, म्हणजे बीच्या बाजूची. रंगीत पेन्सिलीत रंगद्रव्याबरोबर मेण किंवा तेल असतं आणि ते भाजलेलं नसतं. त्यामुळे दिसायला सारख्या दोन पेन्सिली पात्याखाली इतक्या वेगळ्या वागतात.

2. कोनाचं गणित एकदाच समजून घ्या

या लेखातला हा भाग घाई न करता वाचा, कारण सगळा घोळ इथेच होतो.

शार्पनरच्या पोटात शंकूच्या आकाराची पोकळी असते आणि पातं तिच्या एका कडेला टेकवलेलं असतं. त्या शंकूचा कोन हाच तुमच्या टोकाचा कोन. लिहायच्या पेन्सिलीसाठी केलेल्या शार्पनरमध्ये तो साधारण 22 ते 24 अंश असतो. लांब टोकाच्या शार्पनरमध्ये त्याहून कमी, आणि रंगीत किंवा जाड पेन्सिलींसाठीच्या शार्पनरमध्ये 30 अंशांच्या आसपास.

आता 22 अंशांच्या एकाच शार्पनरमध्ये दोन पेन्सिली घाला. एचबीचं 2 मिमी शिसं लाकडाबाहेर सुमारे 5 मिमी येईल. रंगीत पेन्सिलीचं 4 मिमी शिसं मात्र तब्बल 10 मिमी बाहेर येईल. म्हणजे मेणासारखा मऊ पदार्थ, लाकडाच्या आधाराशिवाय, सेंटीमीटरभर उघडा. त्यावर कागदाचा दाब तिरपा पडला की तो मोडणारच. तीच पेन्सिल 30 अंशांत घातली तर उघडं शिसं साडेसात मिमीवर येतं आणि टोकाची मानही जाड राहते. माझ्या निळ्या पेन्सिलीचं नेमकं हेच झालं होतं.

उलटही खरं आहे. 30 अंशांच्या शार्पनरमधून एचबी काढली तर टोक बोथट भासतं. चार ओळी लिहिल्या की अक्षर जाड होतं आणि पुन्हा शार्पनरकडे हात जातो.

शार्पनरवर अंश लिहिलेले नसतील तर पट्टी घ्या. 7 मिमी जाडीच्या पेन्सिलीला पूर्ण टोक काढा आणि टोकापासून लाकडावरचा बाहेरचा रंग सुरू होतो तिथपर्यंतची लांबी मोजा. 18 मिमीच्या आसपास आली तर कोन 22 अंशांजवळ आहे. 13 मिमीच्या आसपास आली तर तो 30 अंशांचा शार्पनर. 22 मिमी भरली तर लांब टोकाचा, साधारण 18 अंशांचा. घरातले सगळे शार्पनर एकदा असे मोजा आणि प्रत्येकावर न पुसणाऱ्या पेनाने आकडा लिहून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर अंदाजपंचे कारभार राहत नाही.

3. पेन्सिलीप्रमाणे निवड

*लिहायची पेन्सिल, एचबी ते 2बी.* धातूचा एका भोकाचा साधा शार्पनर पुरेसा. इथे जास्त विचार करायची गरज नाही.

*कडक पेन्सिली, 2एच आणि पुढे.* या लांब टोक सहज पेलतात आणि आरेखनात ते हवंही असतं. लांब टोकासाठी दोन टप्प्यांचे शार्पनर मिळतात. त्यातल्या पहिल्या भोकात फक्त लाकूड छिललं जातं, दुसऱ्या भोकात फक्त शिशाला आकार येतो. एकाच वेळी दोन्ही कापावं लागत नसल्याने टोक सुईसारखं येतं. पहिल्यांदा हे वापरताना लोक गोंधळतात, कारण पहिल्या भोकातून पेन्सिल अर्धवट, बोथट खांबासारखं शिसं घेऊन बाहेर येते. तो दोष नाही, तसंच यायला हवं.

*मऊ चित्रकलेच्या पेन्सिली, 4बी ते 8बी.* इथे मी मोठ्या कोनाकडे झुकते. छायांकनात टोकाची अणी तशीही दोन मिनिटांत झिजते. मग ती मिळवण्यासाठी इतकं मऊ शिसं कशाला छिलून टाकायचं? हवी तेव्हा बारीक अणी पॉलिश पेपरवर करता येते.

*रंगीत पेन्सिली.* मेणाच्या असोत की तेलाच्या, आखूड टोक, 28 ते 30 अंश. आणि पातं नवं हवं. ग्रॅफाइटला जुनं पातं काही दिवस चालून जातं, मेणाला अजिबात नाही. बोथट पातं मेण कापत नाही, ढकलतं. शिसं आतल्या आत पिळवटतं आणि टोक सुटतं. रंगीत पेन्सिलींसाठी एक शार्पनर वेगळाच ठेवा. ग्रॅफाइटची काळी पूड पिवळ्या पेन्सिलीला लागली तर पहिल्या दोन-तीन रेघा मळकट उठतात, आणि चित्रातून तो डाग निघत नाही.

*जलरंगी पेन्सिली.* निवड रंगीत पेन्सिलींसारखीच. फक्त ओल्या असताना टोक काढू नका. ओलं शिसं पात्याला चिखलासारखं चिकटतं. पेन्सिल पूर्ण वाळू द्या.

*त्रिकोणी आणि जाड पेन्सिली.* त्रिकोणी पेन्सिल गोल भोकात तीन कडांवर टेकते. भोक सैल असेल तर ती डुगडुगते आणि टोक एका अंगाला जातं. शार्पनर घेताना हीच पेन्सिल सोबत असू द्या. जाड पेन्सिलीला मोठं भोक लागतंच, पण मोठ्या भोकात बारीक पेन्सिल घालून चालत नाही. दोन भोकांच्या शार्पनरमध्ये घाईत चुकीचं भोक वापरणं हे टोक मोडायचं फार मोठं कारण आहे, विशेषतः मुलांच्या हातात.

*चारकोल आणि पेस्टल पेन्सिली.* यांचं शिसं जाड, कोरडं आणि खडूसारखं ठिसूळ. फिरवताना येणारा पीळच त्याला सोसत नाही. काहींना नवं पातं आणि मोठा कोन घेऊन जमतं, पण माझा सल्ला सरळ आहे: सुरी आणि पॉलिश पेपर. सहाव्या पायरीत त्याची कृती दिली आहे.

*बिनलाकडाची ग्रॅफाइट पेन्सिल.* ही सगळीच शिशाची असते, वर फक्त पातळ लेप. हातातला साधा शार्पनर चालतो, विजेचा नको. निघालेली पूड फेकू नका. एका डबीत साठवा, बोळ्याने मोठं क्षेत्र काळवंडायला ती सुरेख कामी येते.

*सुतारी पेन्सिल.* घरंगळून जाऊ नये म्हणून चपटी केलेली. गोल भोकात ती जातच नाही. चपट्या भोकाचा खास शार्पनर मिळतो, पण सुरीने छिन्नीसारखी धार केली तर खूण अधिक नेमकी पडते आणि धार जास्त टिकते.

*2 मिमी शिशाची क्लच पेन्सिल.* हिला लाकूडच नाही, त्यामुळे नेहमीचा शार्पनर निरुपयोगी. फक्त शिशाला टोक देणारी छोटी फिरती डबी मिळते. शिसं ठराविक लांबीपर्यंत बाहेर काढायचं, डबीत घालायचं आणि वरचं झाकण गोल फिरवायचं. 0.5 किंवा 0.7 मिमीच्या पेन्सिलींना टोक काढायचं नसतंच.

*डोळ्यांच्या आणि ओठांच्या पेन्सिली.* यांच्यासाठी वेगळा शार्पनर ठेवा, तो लिहायच्या पेन्सिलीला लावू नका आणि लिहायचा इकडे आणू नका. प्रश्न डोळ्यांच्या स्वच्छतेचा आहे. पेन्सिल फार मऊ झाली असेल तर टोक काढायच्या आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, साल नीट निघते.

*कागद गुंडाळलेली मेणाची पेन्सिल,* काचेवर आणि प्लास्टिकवर खूण करणारी. तिला शार्पनर लागत नाही. दोरा ओढायचा आणि कागदाची पट्टी सोलायची.

4. शार्पनर हातात घेऊन तपासा

आता शार्पनरकडे वळू. त्यात तीन गोष्टी बघायच्या: पातं, अंग आणि भोक.

पात्याची कड उजेडात तिरपी धरा. धारेवर कुठे चमकणारा ठिपका दिसला तर तिथे धार वळलेली किंवा तुटलेली आहे. बोट फिरवून धार बघायचा मोह आवरा, ते पातं ब्लेडइतकंच कापतं. पातं स्क्रूने बसवलेलं असावं, म्हणजे पुढे बदलता येतं. स्क्रू ढिला असेल तर पातं फिरवताना थरथरतं आणि लाकडावर पायऱ्या उमटतात. लहान मुलांसाठी मात्र पातं सहज सुटणार नाही अशा बंद डबीचा शार्पनर घ्या.

अंग प्लास्टिकचं, मॅग्नेशियमचं किंवा पितळेचं असतं. प्लास्टिकचं वाईटच असं नाही, पण सतत वापराने त्यातली खाच झिजते आणि पेन्सिल हलायला लागते. दोन्ही अंगांना रेघा असलेला पाचरीच्या आकाराचा हलका, करडा शार्पनर पुष्कळदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. तो हातात हलका लागतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पितळी शार्पनर जड असतो, आणि त्या वजनामुळे हात स्थिर राहतो. मला स्वतःला पितळी आवडतो. पण टोकाची प्रत पातं आणि कोन ठरवतात, धातू नाही.

मॅग्नेशियमच्या शार्पनरबद्दल एक महत्त्वाची सूचना: तो पाण्यात धुऊ नका. मॅग्नेशियम आणि पोलादी पातं एकत्र ओले झाले की त्यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि मॅग्नेशियम खाल्लं जातं. मिठाच्या पाण्यात असा शार्पनर टाकला तर हायड्रोजनचे बुडबुडे उठताना डोळ्यांनी दिसतात. मी एकदा चिकटलेलं मेण काढायला एक शार्पनर कोमट पाण्यात ठेवला आणि विसरले. सकाळी त्याच्या अंगावर पांढरट बुरशीसारखा थर होता आणि स्क्रू जागचा हलेना.

भोकाची तपासणी सोपी आहे. पेन्सिल आत घाला आणि न फिरवता डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचित हालचाल चालेल, पण बूड अर्धा सेंटीमीटर इकडे-तिकडे झुकत असेल तर ती जोडी जमणार नाही.

डावखुऱ्यांसाठी उलट बाजूला पातं असलेले शार्पनर मिळतात. घरात मूल डावखुरं असेल आणि त्याचं टोक सतत मोडत असेल तर हा बदल नक्की करून बघा.

5. हाताने फिरवायचं यंत्र घ्यावं का, विजेचं घ्यावं का?

रोज दहा-पंधरा पेन्सिलींना टोक काढायचं असेल तर घ्यावं. कधीमधी लागत असेल तर छोटा शार्पनरच बरा.

दांडा फिरवायच्या यंत्रात सपाट पातं नसतं. तिरप्या खाचा असलेला पोलादी रूळ पेन्सिलीभोवती फिरतो आणि सगळीकडून सारखं लाकूड काढतो. पेन्सिलीला पीळ पडत नाही. कडक आणि मध्यम ग्रॅफाइटसाठी यासारखं टोक दुसरं नाही. पण दोन अडचणी माहीत असू द्या. पेन्सिल आपोआप आत ओढणाऱ्या यंत्रात तिला पकडणारे दात असतात, आणि ते लाकडावर व्रण सोडतात. दुसरं, यंत्रावरची टोक कमी-जास्त करायची चकती बघून लोक समजतात की तिने कोन बदलतो. पुष्कळ यंत्रांत तसं नसतं. कोन रुळाने ठरतो आणि चकती फक्त टोक किती बोथट ठेवायचं ते ठरवते. मऊ रंगीत पेन्सिलींसाठी असं यंत्र घेताना कोनाची चौकशी वेगळी करा, चकतीवर विसंबू नका.

विजेच्या यंत्रात सोय आहे, पण ते पेन्सिल खातं. टोक झालं की आपोआप थांबणारं असेल तरच घ्या. मेणाच्या पेन्सिली घातल्या की आत मेणाचा थर साठतो. दर चार-पाच रंगीत पेन्सिलींनंतर एक साधी ग्रॅफाइट पेन्सिल फिरवली की तिचं कोरडं लाकूड आणि ग्रॅफाइट तो थर बऱ्यापैकी ओढून काढतात. चारकोल, पेस्टल आणि बिनलाकडाच्या पेन्सिली विजेच्या यंत्रात अजिबात घालू नका.

6. टोक काढायची रीत

पेन्सिल शार्पनरच्या सरळ रेषेत धरा. वाकडी धरली की साल एका बाजूने जाड निघते. दाब इतकाच की पातं लाकडाला लागून राहील. पुढे ढकलू नका, पातं आपलं आपण आत जातं. साल अखंड निघते आहे का तिकडे लक्ष द्या, तीच तुम्हाला सगळं सांगते. पातळ, एकसंध, पंख्यासारखी उघडणारी साल म्हणजे पातं, कोन आणि दाब तिन्ही बरोबर. भुगा पडत असेल तर पातं गेलं. साल मध्येच तुटत असेल तर दाब कमी-जास्त होतो आहे.

टोक होत आलं की शेवटचे दोन फेरे जवळजवळ बिनदाबाचे द्या. मोडणारी बहुतेक टोकं याच दोन फेऱ्यांत मोडतात. थांबताना पेन्सिल खसकन ओढू नका, हलकं फिरवतच बाहेर घ्या.

सुरीने टोक काढायचं असेल तर पेन्सिल डाव्या हातात टोक बाहेरच्या दिशेला करून धरा. सुरीची धार तुमच्यापासून लांब जाईल अशी ठेवा. उजवा हात स्थिर ठेवून डाव्या हाताच्या अंगठ्याने सुरीची पाठ पुढे सरकवा. दर कापानंतर पेन्सिल थोडी फिरवा. आधी फक्त लाकूड काढायचं, शिशाला सुरी लावायची नाही. लाकूड उतरतं झालं आणि शिसं हवं तितकं उघडं पडलं की पॉलिश पेपरवर पेन्सिल आडवी धरून, फिरवत फिरवत घासा. पूड फुंकून उडवू नका, ती नाकात आणि कागदावर जाते. पेपर उचलून कचऱ्यात झटका. कंपासमधल्या शिशाला छिन्नीसारखी एका बाजूने उतरती धार लागते, तीसुद्धा अशीच पॉलिश पेपरवर करायची.

मूल जवळ असेल तर सुरीचं काम उठून दुसरीकडे करा.

7. तरीही टोक मोडतंय? या क्रमाने शोधा

पहिल्यांदा दुसरी पेन्सिल त्याच शार्पनरमध्ये घाला. तिचं टोक नीट आलं तर दोष पहिल्या पेन्सिलीत आहे; तिचंही मोडलं तर शार्पनरमध्ये.

दोष पेन्सिलीत असेल तर बहुधा ती कधीतरी पडली आहे. फरशीवर पडलेल्या पेन्सिलीत वरून काही दिसत नाही, पण आतलं शिसं दोन-तीन ठिकाणी तुटलेलं असतं. टोक काढलं की सुटा तुकडा आपसूक बाहेर येतो. एक-दोनदा छिलून चांगला भाग लागतो का बघा. सलग तीन वेळा सुटा तुकडा निघाला तर ती पेन्सिल मोठ्या कोनात, अगदी आखूड टोकावर वापरा.

दोष शार्पनरमध्ये असेल तर आधी आत अडकलेला शिशाचा तुकडा शोधा. तुटलेलं टोक पोकळीच्या निमुळत्या टोकाला बसलेलं असतं आणि नव्या टोकाला तिथे जागाच मिळत नाही. ते लाकडी टूथपिकने काढा. पिन किंवा सुई वापरू नका, धारेला खाच पडते. तुकडा निघाला नाही तर स्क्रू सोडवून पातं उचला.

तुकडा नसेल तर पातं बदलायची वेळ झाली आहे. जुनं काढण्याआधी त्याची उतरती कड वर आहे की खाली हे नीट बघून ठेवा, किंवा फोटो काढा. नवं पातं तसंच बसवा, स्क्रू घट्ट करा, पण दाबून पिळू नका. बसवल्यावर एका जुन्या पेन्सिलीवर दोन फेरे देऊन साल तपासा आणि मगच चांगल्या पेन्सिली घाला. काढलेलं पातं उघडं फेकू नका, जाड कागदात गुंडाळून त्यावर चिकटपट्टी लावा.

8. निगा

मेणाच्या पेन्सिली वापरत असाल तर आठवड्यातून एकदा कोरड्या टूथब्रशने आतली खाच आणि पात्याची वरची बाजू घासा. चिकटलेलं मेण निघालं नाही तर कापसाला किंचित स्पिरिट लावून पुसा आणि लगेच कोरडं करा. शार्पनर पेन्सिलींच्या डब्यात मोकळा ठेवू नका. डबा हलला की पेन्सिलींची टोकं त्याच्या पात्यावर आपटतात आणि दोघांचंही नुकसान होतं. छोट्या कापडी पिशवीत किंवा काडेपेटीत ठेवलेला बरा.

पेन्सिल अंगठ्याएवढी उरली की शार्पनरमध्ये ती धरता येत नाही, बोटं घसरतात. तेव्हा तिला धातूच्या जोडनळीत बसवा. नळीमुळे पकड मिळते आणि टोक काढताना पेन्सिल डुगडुगत नाही. माझी ती निळी पेन्सिल आता अशाच एका नळीत आहे. तिचं लाकूड जेमतेम 3 सेंटीमीटर उरलं आहे आणि टोक अजून 30 अंशांतच काढते.